‘बास’ म्हणणारी तार

मोड कॉम१:९६००,एन,८,१,पी

डॉसच्या काळ्या पडद्यावर ही ओळ ज्यांनी कधी टंकली असेल, त्यांच्या बोटांना ती अजून पाठ असेल. पहिल्या सीरियल पोर्टवरून सेकंदाला ९६०० बिट पाठव, पॅरिटी नको, अक्षरामागे आठ बिट, शेवटी एक स्टॉप बिट. पाठोपाठ दुसरी ओळ यायची, ‘मोड एलपीटी१:=कॉम१:’, म्हणजे प्रिंटरकडे निघालेलं सगळं आता या पोर्टकडे वळव. पहिल्या ओळीतला शेवटचा ‘पी’ मात्र बहुतेकांनी अर्थ न विचारताच लिहिला, कारण आधीच्या माणसानं बॅच फाइलमध्ये तो तसा लिहून ठेवला होता. त्याचा अर्थ असा की, प्रिंटर दाद देत नसला तरी नाद सोडू नकोस, पुन्हा पुन्हा प्रयत्न कर. संगणक आणि प्रिंटर यांच्या नात्यातली खरी अडचण त्या एका अक्षरात आहे.

संगणक वेगवान आणि प्रिंटर धिम्मा. १९८० साली आलेला एप्सनचा एमएक्स-८० सेकंदाला ८० अक्षरं छापायचा. ९६०० च्या वेगानं सीरियल तारेतून सेकंदाला ९६० अक्षरं येतात, म्हणजे छापण्याच्या बारा पट. प्रिंटरच्या पोटात थोडी मेमरी असते, ती बघता बघता भरते. पुढचं सगळं सांडू द्यायचं नसेल तर प्रिंटरला ‘थांब’ म्हणता आलं पाहिजे आणि संगणकाला ते ऐकू गेलं पाहिजे. पंगतीत आग्रही वाढपी जिलबीचं ताट घेऊन उभा असतो, तेव्हा जेवणाऱ्याकडे दोनच उपाय असतात. एक, ताटावर हात आडवा धरायचा. दोन, तोंडानं ‘बास’ म्हणायचं. प्रिंटर जोडण्याची सगळी विद्या या दोन उपायांभोवती फिरते, आणि बिघडलेल्या बहुतेक जोडण्यांमध्ये डेटा नीट जात असतो, हा ‘बास’च वाटेत हरवलेला असतो.

थोडी पूर्वपीठिका उरकून घेतो. आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली निघालं, त्याची गाजलेली ‘सी’ आवृत्ती १९६९ ची. ते टर्मिनल आणि मोडेम जोडण्यासाठी होतं, प्रिंटर त्यात नंतर घुसला. सेंट्रॉनिक्स कंपनीनं १९७० मध्ये आपल्या मॉडेल १०१ प्रिंटरबरोबर आठ तारांवरून आठ बिट एकदम नेणारा पॅरलल जोड आणला, १९८१ च्या आयबीएम पीसीनं तो उचलला, १९९६ मध्ये यूएसबी आली आणि घरातला प्रश्न मिटला. झालं.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे, म्हणजे सीरियल केबलकडे.

पॅरलल केबल दुकानातून आणायची आणि लावायची, त्यात विचार करण्यासारखं काही नसे. तीन-चार मीटरच्या पुढे ती रुसायची, एवढंच. सीरियल केबल मात्र बनवावी लागे, आणि ती बनवताना दोन्ही टोकांच्या यंत्रांचा स्वभाव माहीत असावा लागे. कारण मानकात दोनच भूमिका आहेत: एक टर्मिनल, दुसरा मोडेम. संगणक स्वतःला टर्मिनल समजतो. बहुतेक सीरियल प्रिंटरही स्वतःला टर्मिनलच समजतात. म्हणजे दोघंही बोलणार दोन नंबरच्या पिनवर आणि ऐकणार तीन नंबरच्या पिनवर. सरळ केबल लावली तर दोन्ही तोंडं समोरासमोर आणि दोन्ही कान समोरासमोर. म्हणून दोन आणि तीन उलटसुलट करायच्या, सातवी ग्राउंडची पिन सरळ ठेवायची. इतपत सगळ्यांना यायचं.

गंमत पुढे होती. ताटावर आडवा हात धरायला प्रिंटर कोणती पिन वापरतो? पुष्कळ प्रिंटर विसावी पिन, डीटीआर, वापरत. काही अकरावी वापरत, जी मानकात त्या कामासाठी नव्हतीच. संगणक मात्र आपल्या पाचव्या (सीटीएस) आणि सहाव्या (डीएसआर) पिनकडे डोळे लावून बसलेला. तेव्हा प्रिंटरची विसावी पिन संगणकाच्या पाचव्या-सहाव्याला जोडायची. पीसी-एटीबरोबर १९८४ मध्ये नऊ पिनांचा जोड आला आणि क्रमांक बदलले, तिथे सीटीएस आठवी आणि डीएसआर सहावी. दोन-तीनचा अर्थही उलटला. नऊ पिनांच्या जोडात संगणक तीनवर बोलतो आणि दोनवर ऐकतो, त्यामुळे नऊ ते पंचवीस पिनांच्या प्रिंटर केबलमध्ये दोनला दोन आणि तीनला तीन असं सरळ जोडून काम होतं. या विरोधाभासानं अनेकांची संध्याकाळ खाल्ली आहे.

मी हे सगळं पुण्याच्या तपकीर गल्लीत शिकलो. तिथल्या एका दुकानात जोड, त्यांची प्लास्टिकची टोपणं आणि मीटरवर तोडून मिळणारी शिल्डेड तार एकाच काउंटरवर मिळायची. दुकानदार काका गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे, “प्रिंटर कुठला? मॅन्युअल आणलंय का?” मॅन्युअलचं शेवटचं पान, जिथे पिनांचा तक्ता असतो, ते न आणणाऱ्याला ते तार विकत, पण सल्ला देत नसत. त्यांच्याकडेच मी पहिल्यांदा ब्रेकआउट बॉक्स पाहिला. पंचवीस तारांच्या मध्ये बसणारी हातभर रुंदही नसलेली पेटी, प्रत्येक तारेला एक छोटा खटका आणि महत्त्वाच्या तारांना लाल-हिरवे दिवे. छपाई सुरू करायची आणि बघत बसायचं. प्रिंटरची मेमरी भरली की एक दिवा रंग बदलतो, संगणक थांबतो, थोड्या वेळानं दिवा परत पहिल्यासारखा, की ओळींचा पुढचा घास. दोन यंत्रांचा संवाद इतका उघड्यावर मी नंतर कधी पाहिला नाही.

त्या तारेतले व्होल्ट हाही एक मजेचा भाग. आरएस-२३२ मध्ये ‘एक’ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘शून्य’ म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. नवशिक्याला हे उलटं वाटतं. तार रिकामी असते तेव्हा ती उणे असते, अक्षर यायला लागलं की एका बिटापुरती अधिक होते, तो स्टार्ट बिट. मग आठ बिट, मग स्टॉप. आठ बिटांच्या मालाला दहा बिटांचं भाडं, म्हणून ९६०० चे ९६०. साधा मल्टिमीटर घेऊन दोन आणि सात नंबरच्या पिनांमध्ये टोकं लावली, की कोणतं यंत्र कुठल्या पिनवर बोलतं ते दहा सेकंदांत कळतं: जिथे ठळक उणे व्होल्ट, ती बोलणारी पिन. ही युक्ती माझ्याकडून अनेक तरुण इंजिनिअरांनी आश्चर्यानं घेतली आहे.

कागदावर काय उमटलं यावरूनही निदान करता येतं, आणि ते करण्यात नाडीपरीक्षेचा आनंद असतो. पहिल्या अक्षरापासून कचरा आला तर वेग किंवा पॅरिटी जुळत नाही. सुरुवातीचा मजकूर स्वच्छ आणि मग मधूनमधून ओळी गायब, तर कोणीतरी तीनच तारांची केबल बनवली आहे आणि ‘बास’ पोचतच नाही. सगळा मजकूर एकाच ओळीवर काळाकुट्ट छापला गेला तर गाडी डावीकडे परत येते पण कागद वर सरकत नाही, त्यासाठी प्रिंटरच्या पोटातला इवलासा डिप स्विच बदलायचा. ओळी जिन्यासारख्या उजवीकडे उतरत गेल्या तर उलटं, कागद सरकतो पण गाडी परत येत नाही. युनिक्सवाल्यांच्या ऑफिसात हा जिना हमखास दिसे.

मराठीनं या सगळ्यात आपली भर घातली. भारतीय लिप्यांसाठीचं इस्की मानक (आयएस १३१९४, १९९१) नागरी अक्षरांना १२८ च्या वरचे अंक देतं, म्हणजे प्रत्येक नागरी अक्षरात आठवा बिट चढलेला असतो. जोडणी सात बिटांवर ठेवली गेली, की तो गळतो. मग क चा ३ होतो, ख चा ४, ग चा ५. चित्ररूपानं छापलं तरी सुटका नाही. एप्सनच्या आज्ञावलीत आठ पिनांच्या चित्रछपाईत एका बाइटमधला सर्वात वजनदार बिट सर्वात वरची पिन मारतो. तो गेला की दर आठ ठिपक्यांमागे एक आडवी ओळ कोरी. शिरोरेषा नेमकी त्या ओळीत आली, तर अक्षरं बोडकी छापली जायची. आणि हे निस्तरलं तरी डॉसची ‘कॉपी’ आज्ञा २६ क्रमांकाच्या बाइटला फाइलचा शेवट समजून चित्र अर्ध्यावर तोडायची. तिला मागे ‘/बी’ जोडून ‘ही अक्षरं नव्हेत, नुसते बाइट आहेत’ असं बजावावं लागे.

दुसरा उपाय, तोंडानं ‘बास’ म्हणण्याचा. त्यात जादा तारा लागत नाहीत. प्रिंटर उलट दिशेनं १९ क्रमांकाचं अक्षर पाठवतो, एक्सऑफ, आणि जागा झाली की १७ क्रमांकाचं, एक्सऑन. कीबोर्डवर हीच कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू. सुटसुटीत, पण मला हा उपाय कधी आवडला नाही. तो शब्दच गोंगाटात बिघडला तर संगणक एक तर वाढतच राहतो, नाहीतर कायमचा थांबतो. हात आडवा धरलेला स्पष्ट दिसतो. तार ती तार.

तारेचं एक दुबळेपण मात्र कबूल करायला हवं. मानकात केबलची मर्यादा साधारण १५ मीटर. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी वजनकाट्याची कॅबिन बघायला गेलो होतो. उसाची ट्रॉली काट्यावर चढते, इंडिकेटरमधून वजन सीरियल तारेनं संगणकात येतं, दुसऱ्या तारेनं डॉट मॅट्रिक्सवर तीन प्रतींत पावती निघते. कार्बनच्या खालच्या प्रतीपर्यंत ठसा उमटवायला ठोकणाराच प्रिंटर लागतो, लेझर तिथे निरुपयोगी. तिथल्या विद्युत विभागाच्या माणसानं कितीतरी लांब तार ओढून वेग १२०० वर आणला होता आणि काम चाललं होतं. वेग कमी केला की लांबी वाढवता येते. पण दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल, तर त्यांच्यातला फरक सातव्या तारेतून वाहतो, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की पोर्टच्या १४८८ आणि १४८९ या चिपा उडतात. त्याच्या टेबलाच्या खणात या चिपांची प्लास्टिकची नळीच होती. “मे महिन्यात लागतात साहेब,” तो म्हणाला. सॉकेटवर बसवलेली चिप उपटून नवी बसवायची, दहा मिनिटांचं काम.

सीरियलचा कस लागला तो लेझर प्रिंटर आल्यावर. १९८४ चा पहिला एचपी लेझरजेट मिनिटाला ८ पानं, इंचाला ३०० ठिपके, मेमरी १२८ किलोबाइट, आणि पाठीमागे जोड फक्त सीरियल. हिशेब करू. ए-४ पानावर ३०० च्या घनतेनं रुंदीत २४८० आणि उंचीत ३५०८ ठिपके, म्हणजे पावणेअकरा लाखांहून जास्त बाइट. ९६०० च्या वेगानं हे एक पान पोचायला एकोणीस मिनिटं लागतील, आणि पोचलं तरी ठेवायला मेमरी नाही. म्हणून लेझरजेट स्वतःचे टंक घेऊन आला. त्याला अक्षरांचे अंक द्यायचे, ठिपके तो पाडणार. ज्यांना त्याच्या टंकात नसलेली लिपी छापायची होती, त्यांनी काय करायचं हे वेगळं सांगायला नको.

ॲपलनं पुढच्याच वर्षी केलेली तोड मला फार आवडते. १९८५ च्या लेझररायटरमध्ये पोस्टस्क्रिप्ट भाषा चालवणारा १२ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० होता. त्या काळच्या मॅकिन्टॉशमध्येही हाच प्रोसेसर होता, पण ८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा. प्रिंटर त्याला हुकूम देणाऱ्या संगणकापेक्षा हुशार! किंमत ६९९५ डॉलर. एकट्या माणसाला न परवडणारी, तेव्हा तो वाटून घेणं भाग होतं. ॲपलनं मॅकच्या मागच्या सीरियल पोर्टमधलीच चिप वापरून सेकंदाला २ लाख ३० हजार ४०० बिटांचं लोकलटॉक हे जाळं उभं केलं. पोर्ट तोच, पण आता तारेच्या एका टोकाला एक संगणक आणि दुसऱ्या टोकाला एक प्रिंटर असं राहिलं नाही. प्रत्येक यंत्राला पत्ता मिळाला. पुढे फॅरलॉन कंपनीनं तेच जाळं साध्या टेलिफोनच्या तारेवर चालवून दाखवलं.

नेटवर्क आधी आलं आणि मग कोणीतरी त्याला प्रिंटर जोडला, अशी आपली समजूत असते. इतिहास जवळजवळ उलटा आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर लेझर प्रिंटर तयार करत होते. सेकंदाला एक पान, इंचाला ५०० ठिपके. शेजारच्या खोल्यांमध्ये आल्टो संगणक आकाराला येत होते. इतक्या झपाट्यानं छापणाऱ्या यंत्राला सगळ्यांच्या टेबलावरून काम पुरवायचं कसं? या गरजेतून बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिलं आणि इथरनेट जन्माला आलं. हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहानेट या रेडिओ जाळ्याची कल्पना त्यांनी तारेत उतरवली. प्रत्यक्ष बांधणीत डेव्हिड बॉग्ज सोबत होते. वेग सेकंदाला २.९४ दशलक्ष बिट. असा विचित्र आकडा का, तर आल्टोच्या घड्याळाचे दोन ठोके मिळून एक बिट, एवढंच कारण. आज तुमच्या ऑफिसच्या भिंतीतून जी निळी केबल जाते, तिच्या कुंडलीत प्रिंटर पहिल्या घरात आहे.

भाच्याकडे कॅलिफोर्नियात राहिलो होतो, तेव्हा माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आल्टो पाहिला. पण खरा वेळ गेला तो चालू स्थितीतल्या आयबीएम १४०१ जवळ. त्याचा १४०३ प्रिंटर, १९५९ सालचं मॉडेल, १३२ रकान्यांचा, मिनिटाला शेकडो ओळी. आपल्या पतपेढ्यांच्या खतावण्यांची ती रुंद भोकाभोकांची स्टेशनरी याच घराण्यातली. १४०३ च्या नंतरच्या एका मॉडेलमध्ये कागद संपला की अख्खं झाकण आपोआप वर उचललं जायचं. वर कोणी कॉफीचा कप ठेवला असेल तर त्याचं नशीब. प्रिंटरनं माणसाला ‘इकडे लक्ष दे’ म्हणण्याचा इतका रोखठोक प्रकार पुन्हा झाला नाही.

विषयांतर होतंय, पण आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा केली होती: कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत, त्यांच्या पडद्यावर संदेश जाई. मग झेरॉक्सनं नवा लेझर प्रिंटर भेट दिला. तो वेगळ्या मजल्यावर, आणि त्याचा मूळ प्रोग्रॅम कोणालाच मिळेना. कार्नेगी मेलनमधल्या एका संशोधकाकडे तो होता, पण गुप्ततेचा करार केल्यामुळे त्यानं नकार दिला. स्टॉलमन यांचा संताप पुढे १९८३ च्या ग्नू प्रकल्पापर्यंत गेला. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागे अडकलेला कागद आहे, आणि ‘कागद अडकलाय’ हे परत न पोचणं आहे.

परत न पोचणं ही नेटवर्कवर नेहमीची कथा. बर्कलीच्या युनिक्समधून आलेली एलपीडी ही छपाईची पद्धत १९९० मध्ये आरएफसी ११७९ म्हणून कागदावर आली, पोर्ट ५१५. तिच्यात पाठवणाऱ्यानं आपल्या बाजूचं पोर्ट ७२१ ते ७३१ यांतलंच वापरावं असा नियम आहे. अकरा दारं. भराभर कामं पाठवली की दारं अडकतात आणि बारावं काम ताटकळतं. एचपीच्या जेटडायरेक्टनं रूढ केलेलं पोर्ट ९१०० त्याहून सोपं: जोडा आणि बाइट ओता. ना नाव, ना परवाना. सीरियल तारच जणू आयपी पत्ता घेऊन आली, म्हणून मला ते जवळचं वाटतं. पण तार तुमच्या टेबलामागे होती, ९१०० जगापुढे उघडं राहू शकतं. २०१८ साली एका पठ्ठ्यानं इंटरनेटवर उघडे सापडलेल्या हजारो प्रिंटरांवर एका यूट्यूबरची जाहिरात छापून दाखवली. राउटरमध्ये हे पोर्ट बाहेरून बंद ठेवा, आणि तिथेच प्रिंटरचा पत्ता कायमचा बांधून द्या. ‘प्रिंटर ऑफलाइन’ या निम्म्या तक्रारी रात्रीतून पत्ता बदलल्याच्या असतात.

परतीचा संवाद नीट मांडला तो एचटीटीपीवर चालणाऱ्या आयपीपी या पद्धतीनं, पोर्ट ६३१. त्यात प्रिंटरची अवस्था विचारता येते. ३ म्हणजे रिकामा, ४ म्हणजे छापतोय, ५ म्हणजे थांबलाय. आणि थांबला तर का, त्याचं कारण शब्दांत: कागद संपला, कागद अडकला, झाकण उघडं. पॅरलल जोडावर यासाठी मोजक्या तारा होत्या, आणि ‘कागद आहे, प्रिंटर चालू आहे, तरी बिघाड’ असा संकेत आला तर लिनक्स गंभीरपणे ‘एलपी० ऑन फायर’ असं छापायचं. आज मोबाइलवरून फोटो छापता तेव्हा आत बहुधा आयपीपीच असतं, २०१० पासूनच्या एअरप्रिंटमध्येही तेच.

हल्ली माझं लक्ष हॉटेलांच्या भटारखान्यात असतं. वेटरनं टॅबवर ऑर्डर घेतली की आत थर्मल प्रिंटरवर केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, निघते. इथरनेटची तार, पोर्ट ९१००, आणि एप्सनची ईएससी-पीओएस आज्ञावली. तिच्यात एक सुंदर आज्ञा आहे: १६, ४ आणि एक अंक, असे तीन बाइट. मेमरी तुडुंब भरलेली असो की कागद संपून यंत्र थांबलेलं, प्रिंटर या तीन बाइटांना रांगेबाहेर घेऊन तत्काळ उत्तर देतो. शेवटचा अंक ४ असेल तर रोलमधला कागद संपत आलाय की संपलाच आहे, तेही सांगतो. पुण्यातल्या एका हॉटेलात तव्याच्या आवाजात प्रिंटरची शिट्टी कोणाला ऐकू येत नव्हती आणि दोन टेबलांचे डोसे राहून गेले. बिलिंगचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला मी विचारलं, “तू प्रिंटरला विचारत का नाहीस?”

“सर, तो उत्तर देतो?”

त्याला तीन बाइट लिहून दिले. आता कागद संपत आला की काउंटरच्या पडद्यावर लाल पट्टी येते: ‘किचनमधला रोल बदला’.